अनुभव धागा: जुनं, रंगवलेलं आणि वारसाने आलेलं – घर सजवताना काय जपायचं?

आजीची पत्र्याची ट्रंक, जुन्या बाजारातून उचललेली खुर्ची, माहेरून आलेलं घंगाळ, कपाटाच्या तळाशी घडी घालून ठेवलेली नऊवारी. या वस्तू घरात मांडायच्या म्हणजे घासणं, दुरुस्त करणं, रंगवणं आलंच. ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी इथे लिहावं. विनंती एकच, 'छान दिसतं' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या नंबरचा पेपर, किती थिनर, किती तास थांबायचं, बिघडलं तर कशामुळे, हे सगळं द्या. वस्तूवर आधीपासून काय लागलंय ते कसं ओळखायचं हेही सांगा, कारण नवा थर टिकणार की सुटणार हे तिथेच ठरतं.

पुण्याहून, लाकडाबद्दल

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात लाकडी वस्तू घेताना आधी उलटी करून बघा. खालच्या बाजूला मूळ लाकूड दिसतं, वरून कितीही पॉलिश मारलेलं असलं तरी. खण पूर्ण बाहेर काढा. बाजू सागवानी आणि तळ प्लायचा असेल तर वस्तू नंतर जोडजाड केलेली आहे, भाव त्याप्रमाणे करावा.

घरी आणल्यावर पहिलं काम पॉलिश ओळखण्याचं. मागच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट धरा. पृष्ठभाग चिकट झाला आणि तपकिरी रंग बोळ्याला आला तर ते चपडा लाखेचं (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेच्या पापड्यांचं) पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी थिनरने (लॅकर पातळ करायच्या थिनरने) मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा ऑइल पेंट समजा. तिथे पॉलिश पेपरला पर्याय नाही.

लाखेचं पॉलिश असेल तर खरवडू नका. स्पिरिट जेमतेम लागलेल्या सुती कापडाने रेषांच्या दिशेने पुसलं की जुना थर विरघळून पुन्हा सपाट बसतो, बारीक ओरखडे भरून येतात. नवं लावायचं तर एक लिटर स्पिरिटला २०० ग्रॅम चपडा घ्या. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बाटलीतच भिजवा, लोखंडी डब्यात लाख काळी पडते. रात्रभर ठेवून मलमलमधून गाळा. सहा महिन्यांहून जुनं झालेलं द्रावण टाकून द्यावं, ते नीट कडक वाळत नाही, बोटांचे ठसे उमटत राहतात. लावायला कापसाच्या गोळ्यावर जुनं सुती कापड गुंडाळा. एक हात या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये थांबायचं नाही. थांबलात तर खालचा थर विरघळून गोळा चिकटतो. दोन थरांमध्ये अर्धा ते पाऊण तास. तीन थरांनंतर ३२० नंबरचा पेपर हलक्या हाताने, मग आणखी दोन थर.

जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका. स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प ओल्या थरात अडकतं आणि पांढुरका धुरकटपणा येतो. आला तर कोरड्या दिवशी स्पिरिटचं कापड फिरवा, बहुतेक वेळा जातो. जेवणाच्या टेबलाला लाख नकोच, गरम पातेल्याची पांढरी कडी लगेच उमटते.

रंगवणाऱ्यांसाठी आणखी एक. सागवानावर पांढरा किंवा फिकट रंग दिला की काही दिवसांत पिवळे-तपकिरी डाग वर येतात. लाकडातली द्रव्यं रंगातून झिरपतात, कितीही हात मारले तरी. म्हणून आधी लाखेचे दोन पातळ थर, तेही बाटलीत लाखेतलं मेण तळाला बसू देऊन वरचं नितळ द्रावण घेऊन. मेण राहिलं तर रंग धरत नाही. खरं तर चांगल्या सागवानाला आणि शिसवीला रंग लावूच नये असं माझं ठाम मत आहे. हौस देवदार आणि प्लायवर भागवावी.

नाशिकहून, वरच्याला जोड

पॉलिशच्या आधी कीड बघा. वाळवी मातीच्या नळ्या करत येते. भुंग्याची खूण वेगळी: टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड. भोकं दिसली म्हणजे कीड जिवंत आहेच असं नाही. पायांखाली काळा कागद घालून वस्तू दोन-तीन आठवडे न हलवता ठेवा. नवी पूड पडली तर औषध द्यायचं. तेलात मिसळलेलं लाकडाचं कीडनाशक सिरिंजने एकेका भोकात सोडा, वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन आठवडे वेगळी ठेवा, मग भोकं रंगीत मेणाने बुजवा. हातमोजे हवेत, खिडक्या उघड्या हव्यात. धान्याच्या कोठीला किंवा पाळण्याला हे औषध अजिबात नको. पायांचे तळ आणि पाठीमागची फळी यांवर पॉलिश नसतं, औषध तिथून आत मुरतं, त्या जागा चुकवू नका. सागाच्या तांबूस गाभ्याला कीड सहसा लागत नाही, कडेच्या फिकट लाकडाला लागते.

कोल्हापूरहून, ट्रंक

ट्रंक दोन प्रकारच्या पत्र्याची असते, काळ्या आणि जस्ती. खरवडलेल्या जागी चंदेरी, बर्फाच्या फुलांसारखी नक्षी दिसली तर जस्ती. हा फरक कळला नाही तर मेहनत वाया जाते. जस्तावर थेट ऑइल पेंट दिला की रंगातल्या तेलाची जस्ताशी प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो, आणि वर्ष-दीड वर्षात रंग पापुद्र्यासारखा सुटतो. जस्ती पत्र्याला आधी एच प्रायमर (etch primer, जस्ताला धरून बसणारा) द्या, मग रंग.

काळ्या पत्र्याची पद्धत सरळ आहे. सुटा गंज तारेच्या ब्रशने, मग ८० नंबरचा पेपर, मग १२०. मिनरल टर्पेंटाइनने पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर, कारण उघडा पत्रा रात्रभरात पुन्हा गंज धरतो. प्रायमर एक दिवस वाळला की एनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये किमान आठ तास. टर्पेंटाइन रंगाच्या दहा टक्क्यांपर्यंतच. जास्त पातळ केलं तर उभ्या बाजूंवर ओघळ येतात. तीन फुटी ट्रंकेला अर्धा लिटर एनॅमल दोन हातांना पुरतं.

स्टेन्सिलची फुलं काढायची तर रंग तीन-चार दिवस पक्का होऊ द्या, नाहीतर टेप काढताना खालचा रंग निघून येतो. ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून वरून टिपत जायचं. ओढलं तर रंग स्टेन्सिलखाली शिरतो.

आणि हे कृपया सगळ्यांनी वाचा. घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाखात ९० भागांपेक्षा) जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. जुना रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, चिखल कागदावर गोळा करा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर हे काम घरात नकोच.

सोलापूरहून, साड्या

जुन्या रेशमी साडीची उशी किंवा पडदा करण्याआधी ती उजेडासमोर धरा. घडीच्या रेषेवर बारीक चिरा दिसल्या तर त्या कापडाला ताण सोसणार नाही. त्याचा काठ-पदर फ्रेममध्येच शोभेल.

फ्रेमसाठी: मलमल आधी धुऊन आटवून घ्या. काठ तिच्यावर सपाट पसरून बारीक सुईने, रेशमी धाग्याने, जरीच्या रेषेलगत इंचा-इंचावर टाके घाला. फेविकॉल नको, कापड ताठ होतं, पिवळं पडतं आणि पुन्हा कधी सुटत नाही. काच कापडाला टेकू नये म्हणून मध्ये माउंट बोर्ड. जरीवर इस्त्री करावीच लागली तर सुती फडकं ठेवून, आणि पाणी न शिंपडता.

सुती नऊवारीची गोधडी मात्र निर्धास्त करा. एका लुगड्यातून दीड मीटरचे पाच तुकडे निघतात. दोन तुकडे काठाला काठ जोडले की दीड बाय सव्वादोन मीटरचा एक थर. म्हणजे दोन लुगड्यांत पाच थरांची गोधडी होते. थर लावण्याआधी सगळे तुकडे एकदा धुवा. एक आटलेला आणि एक न आटलेला असेल तर पहिल्याच धुण्यात गोधडीला फुगे येतात. रंग जातो का हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. आधी वीतभर अंतराने कच्चे टाके घालून थर बांधून घ्या, मग कडेपासून सुरुवात करून आत आत येत धावदोरा. ओळींमध्ये एक ते दीड सेंटिमीटर.

रत्नागिरीहून, तांबं-पितळ

चिंच-मीठ उत्तम, पण नंतर आम्ल राहता कामा नये. चिंचेने घासल्यावर साध्या पाण्याने, मग एक लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्याने, मग पुन्हा साध्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं पुसून उन्हात ठेवा. कोकणच्या दमट हवेत चकाकी टिकवायला पारदर्शक लॅकर मारायचं असेल तर हा सोड्याचा टप्पा गाळू नका. सांध्यांत राहिलेलं आम्ल लॅकरखाली हिरवं पडतं, आणि मग सगळं लॅकर थिनरने काढावं लागतं. स्वयंपाकाच्या भांड्याला लॅकर नाही, तिथे कल्हई.

घंगाळात झाड लावायचं असेल तर माती थेट भरू नका. खतातले क्षार तांबं खातात, आणि तळाला भोक पाडलं तर वारशाने आलेली वस्तू कायमची गेली. आत प्लास्टिकची कुंडी ठेवा, तिच्याखाली विटेचे दोन तुकडे, म्हणजे साचलेलं पाणी मुळांना लागत नाही.

बंबाचा दिवा करणाऱ्यांनो, धातूच्या दिव्याला तीन तारांचीच वायर घ्या आणि हिरवी तार बंबाच्या अंगाला स्क्रूने पक्की करा. वायर आत जाते त्या भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) हवाच. पत्र्याची धार आवरण कापते आणि सगळा बंब शॉक देतो. सात-नऊ वॅटचा एलईडी पुरे.

मडगावहून, शिंपल्यांच्या खिडक्या

गोव्यात जुनी घरं पाडताना शिंपल्यांची तावदानं निघतात. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत पातळ, दुधी शिंपले सरकवलेले असतात. मागून प्रकाश दिला तर पार्टिशन म्हणून याला तोड नाही. हा शिंपला वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे फुटक्या जागी नवा मिळवण्याच्या नादी लागू नका. दुसऱ्या मोडक्या खिडकीतला वापरा, किंवा दुधी ॲक्रिलिकचा तुकडा कापून बसवा.

साफ करायला व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर अजिबात नको. शिंपला म्हणजे चुनाच, आम्लाने विरघळतो आणि खरखरीत होतो. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि पसरलेल्या हाताने खालून आधार. वर वार्निश मारलं तर काही वर्षांत पिवळं पडून सगळा उजेडच बदलतो. लाकडी पट्टी बदलायची असेल तर आधी चौकटीचा एका बाजूचा खिळा काढून शिंपले एकेक करून सरकवत बाहेर घ्या. आतून ढकलले की कडा तुटतात. एलईडीची पट्टी किमान दोन इंच मागे ठेवा, नाहीतर दिव्यांचे ठिपके दिसतात.

ठाण्याहून, मडकी

रंगवलेल्या कुंडीचा रंग आतून येणाऱ्या ओलीने सुटतो. पाणी मातीतून बाहेर येताना क्षार आणतं, ते रंगाखाली साचून पोपडे धरतात. कुंडी दोन दिवस उन्हात वाळवून आतल्या बाजूला वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, मग बाहेर ॲक्रिलिक प्रायमर आणि रंग. गेरूच्या रंगावर वारली काढायची तर पांढरं ॲक्रिलिक थेंबभर पाण्यातच पातळ करा, जास्त केलं तर रेषा पारदर्शक होते.

न्यू जर्सीहून

भारतातून पाट, चौरंग, देव्हारा घेऊन येणाऱ्यांसाठी. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा फार कोरडी होते, कोकणात मुरलेलं लाकूड आकसतं आणि फळीला चीर जाते. पहिल्या हिवाळ्यात हीटिंगच्या जाळीपासून लांब ठेवा, खोलीतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास राखा. चीर गेलीच तर लगेच पुटी भरू नका. उन्हाळ्यात लाकूड फुगलं की ती पुटी फळीला आणखी फाडते. वर्षभर बघा, कायम राहिली तर त्याच लाकडाची बारीक पट्टी चिकटवा.

गिरगावहून, तसबिरी

राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या तसबिरी अजून घराघरांत निघतात, नकलाही भरपूर. भिंगाखाली बघा: फुलासारखे एकसारखे ठिपके दिसले तर ती अलीकडची ऑफसेट छपाई. दगडावरच्या जुन्या छपाईत वेडेवाकडे दाणे दिसतात. चित्र काचेला चिकटलं असेल तर ओढू नका, पाणी सोडू नका. काचेसकट स्कॅन करा आणि मूळ तसंच राहू द्या. मागचा सडका पुठ्ठा मात्र बदला, त्यातलं आम्ल कागद तपकिरी करतं.

परत पुण्याहून, जुन्या कपाटाच्या कुबट वासाबद्दल विचारणाऱ्यांसाठी

खण काढून, दारं उघडी टाकून तीन-चार दिवस सावलीत वारा लागू द्या. कडक उन्हात नको, व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) उचलतं. मग आतून स्पिरिटने पुसून पातळ लाखेचे दोन हात, खणांच्या तळालाही. वास लाकडातच कोंडला जातो. आतून ऑइल पेंट लावू नका, बंद कपाटात त्याचाच वास महिनोन्महिने राहतो आणि कपड्यांना लागतो.