दुबईत खासगी दवाखान्यात बाळंतपण की माहेरी अंबाजोगाईला?

उदगीरकर
बायको चौदाव्या आठवड्यात आहे, माझ्याच स्पॉन्सरशिपवर (तिचा व्हिसा माझ्या जबाबदारीवर) दुबईत. पॉलिसीत मॅटर्निटीची मर्यादा १०,००० दिरहम, को-पे (बिलातला आपला वाटा) १० टक्के. पहिलं बाळंतपण माहेरी, असं घरचे धरून बसलेत. इथंच करायचं तर आतापासून काय काय बघावं?

मांजराकाठ
१०,००० च्या आकड्यावर जाऊ नका. विमा कंपनीकडून टेबल ऑफ बेनिफिट्स (कशाला किती रक्कम मिळते त्याचा तक्ता) मागवा. ती मर्यादा तपासण्यांसकट आहे की नुसत्या डिलिव्हरीची, सिझरला वेगळा आकडा आहे का, ते त्यातच कळतं. ओपीडीला नेटवर्कमध्ये (विमा कंपनीच्या यादीत) असलेला दवाखाना भरती व्हायला नेटवर्कमध्ये असेलच असं नाही, म्हणून दवाखान्याच्या इन्शुरन्स डेस्ककडूनही लेखी घ्या. पॉलिसीचं नूतनीकरण बाळंतपणाच्या तारखेच्या आधी येत असेल तर नवी मर्यादा काय, हे आजच विचारा.

दवाखान्याचं पॅकेज स्वस्त दिसतं त्याचं कारण एपिड्यूरल (कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन), जादा रात्र, बाळाचे डॉक्टर हे बऱ्याचदा त्यात नसतं. नॉर्मल ठरलं आणि ऐनवेळी सिझर झालं तर फरक किती, हेही विचारा.

खरा खड्डा एनआयसीयूचा (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग). जन्मताच बाळाची फाईल वेगळी निघते आणि बिलही वेगळं. पहिले ३० दिवस लेकरू आईच्या पॉलिसीखाली धरतात, पण किती रकमेपर्यंत ते वाचा, आणि त्या ३० दिवसांतच त्याचा स्वतःचा विमा काढा. दुबईत बायको-लेकरांचा विमा ही स्पॉन्सरची जबाबदारी, कंपनीची नाही. अबुधाबीत मात्र बायको आणि तीन मुलांपर्यंतचा विमा कंपनीवर आहे. तिथल्या मित्राचं ऐकून हिशेब मांडू नका.

बायकोचा रक्तगट निगेटिव्ह आणि तुमचा पॉझिटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन लागतं. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. त्याची मंजुरी आधीच घेऊन ठेवा.

कागदवाला
अटेस्ट केलेला (सरकारी शिक्के मारून प्रमाणित) लग्नाचा दाखला व्हिसाच्या वेळी लागला असेलच, तोच मूळ कागद दवाखान्यात न्या. अडतं ते नावापाशी: दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. बाळाच्या जन्मदाखल्यात स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच लिहायला लावा, आणि पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. एकेरी नावावरून यूएईच्या व्हिसाला अडचण येते.

मग वाणिज्य दूतावासात जन्मनोंद आणि पासपोर्ट. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ४ प्रमाणे ही नोंद वर्षाच्या आत व्हायला हवी, नंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. पण वर्षभर थांबायला वाव नाहीच, कारण बाळाचा रहिवासी व्हिसा १२० दिवसांत काढायचा असतो, पुढं दंड. फोटोत डोळे उघडे हवेत: पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढा, दूध पाजल्यावर लगेच नको, पेंगतं. सहीच्या जागी अंगठा, मुलाचा डावा, मुलीचा उजवा.

बालाघाट_डोंगर
माहेरी न्यायचं तर विमानाचं बघा. एमिरेट्स २९ व्या आठवड्यापासून डॉक्टरांचं पत्र मागते आणि एकच बाळ असेल तर ३६ व्या आठवड्यानंतर बसू देत नाही. बाकी कंपन्यांचे नियम वेगळे. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिली तर बायकोचा रहिवासी व्हिसा जातो. बाळंतपण, सव्वा महिना, लेकराचा पासपोर्ट, जन्मदाखल्याचं अटेस्टेशन (राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय, यूएई दूतावास, मग तिकडचं मोफा, म्हणजे यूएईचं परराष्ट्र मंत्रालय) हे सगळं त्यातच बसवायचं. त्याऐवजी नुसता अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का) करून आणाल तर यूएईत चालत नाही.

अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी रुग्णालय आहे. खासगीत जाणार असाल तर नवजात बाळाचं व्हेंटिलेटर तिथंच आहे का लातूरला हलवावं लागतं, ते विचारून ठेवा. दुबईची पॉलिसी भारतातलं बिल देते का, हेही. आणि एक बघा: दुबईत सोनोग्राफीत बाळाचं लिंग सांगतात. रिपोर्टात लिहू नका म्हणून आधीच सांगा. आपल्याकडं बीड जिल्ह्यात मुलींच्या गर्भपातांचं काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

उदगीरकर
आणि सासूबाईंनाच इकडं बोलावलं तर?

मांजराकाठ
मग ६० दिवसांचा व्हिजिट व्हिसा घ्या, ३० चा पुरत नाही. ३८ व्या आठवड्याच्या आसपास बोलवा. फार आधी आल्या तर ऐन बाळंतिणीच्या दिवसांत मुदत संपते. बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, मूळ पाकिटात आणायला सांगा.