मदत हवी आहे: ‘कोटिलियन’सारखं हलकंफुलकं काय वाचू?

झोपण्याआधी डोकं शांत व्हावं म्हणून इंग्लंडच्या रीजन्सी काळातल्या (१८११ ते १८२०) प्रेमकथा वाचते. जॉर्जेट हेयरच्या ‘द ग्रँड सोफी’, ‘फ्रेडरिका’ आणि ‘कोटिलियन’ झाल्या. ‘कोटिलियन’मधला फ्रेडी फारच आवडला! ना रुबाब, ना रहस्य. कोट नीट बसला की स्वारी खूश. मग ‘ॲन इन्फमस आर्मी’ घेतली, तर त्यात थेट वॉटर्लूची लढाई. झोपच उडाली. हल्लीच्या लेखिकांच्या दोन पाहिल्या, पण शृंगाराची पानंच्या पानं उलटावी लागली. जेन ऑस्टेन वाचून झाली आहे. इंग्रजी चालेल, ई-बुक असेल तर उत्तम, मालिका नको. हेयरची किंवा इतर कुणाची, फ्रेडीसारखा साधा नायक आणि घरभर गोंधळ असलेली कादंबरी कोणती?