होन्नो फक्त व्हिडिओमुळे चाललं का?

तुम्ही म्हणताय की जपानी गायिका शीना रिंगोचं 'होन्नो' हे गाणं, ती नर्सच्या ड्रेसमध्ये काचा फोडते त्या व्हिडिओमुळेच हिट झालं, तर मला ते अजिबात पटत नाही. व्हिडिओ गाजला हे खरंच, अजूनही लोक तिला त्यावरूनच ओळखतात, पण एकदा स्क्रीन बंद करून नुसतं हेडफोनवर ऐका ना. १९९९ चा ऑक्टोबर, बाईचं वय जेमतेम वीस, आणि गाण्याची सुरुवातच ती अशी करते की इतिहासात शब्द जन्मालाच का आले. पॉप गाण्यात हा प्रश्न! होन्नो म्हणजे उपजत प्रेरणा, म्हणजे शब्दांच्या आधीचं जे काही असतं ते, आणि हे मनात ठेवून ऐकलं की पुढचा तिचा तो खरखरीत, मधेच चिरकणारा आवाज नुसती स्टाईल वाटत नाही, शब्द अपुरे पडतायत म्हणून ती ओरडतेय असं वाटतं, निदान मला तरी दरवेळी वाटतं.

आणि अरेंजमेंट सेइजी कामेदाची आहे, हे कुणी बोलतच नाही. हाच माणूस पुढे तिच्याबरोबर टोकियो जिहेन बँडमध्ये बेस वाजवायचा.

अजून एक, हे गाणं सुटं ऐकू नका. २००० च्या 'शोसो स्ट्रिप' अल्बममध्ये ते तेरापैकी बारावं आहे, गाण्यांची नावं मधल्या 'त्सुमी तो बात्सु' या गाण्याच्या दोन्ही बाजूंना आरशासारखी लावलीयत. 'होन्नो'पर्यंत पोचेपर्यंत कान तयार झालेले असतात, मग ते जे अंगावर येतं ना, बापरे.