बालसंगोपनचे पैसे भाच्याचे आले, भाचीचे आलेच नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या मोठ्या बहिणीची दोन मुलं माझ्याकडे आहेत. भाची बारा वर्षांची, सातवीत. भाचा आठ वर्षांचा, तिसरीत. त्यांचे वडील २०१९ साली ट्रॅक्टर उलटून गेले आणि दोन वर्षांपूर्वी बहीण किडनीच्या आजारानं गेली. तेराव्याला पाहुणे पांगायला लागले तेव्हा माझ्या सासूबाईंनीच दोघांची दप्तरं उचलून आमच्या रिक्षात ठेवली. मुलं कुठं राहणार यावर घरात कधी चर्चासुद्धा झाली नाही.

मी घरी ब्लाऊज शिवते, हे पिठाच्या गिरणीवर कामाला आहेत. आमचा स्वतःचा मुलगा पाचवीत आहे. अंगणवाडीताईंनी सांगितलं म्हणून बालसंगोपन योजनेचा, म्हणजे अशा मुलांच्या सांभाळासाठी राज्य सरकार महिन्याला पैसे देतं त्याचा, अर्ज भरला. दोन्ही मृत्यूचे दाखले, शाळेचे बोनाफाईड, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, घरासमोर मुलांसोबत काढलेला आमचा फोटो, सगळं दिलं. गृहभेटीला मॅडम येऊन गेल्या. त्यांनी मुलांशी वेगळं बसून बोलणं केलं, ते मला फार बरं वाटलं. मग बाल कल्याण समितीपुढे दोघांना घेऊन गेलो आणि दोघांचाही मंजुरीचा आदेश झाला.

आता अडचण. भाच्याच्या खात्यावर सहा महिन्यांचे एकदम १३,५०० रुपये आले. भाचीच्या खात्यावर एक रुपयाही नाही. ऑफिसात चार हेलपाटे झाले. एकदा "त्रुटी आहे" म्हणाले, पण कसली ते सांगितलं नाही. मागच्या वेळी "आमच्याकडून पैसे गेलेत, बँकेत बघा" म्हणाले. आम्ही नवीन खातं काढलंय त्या बँकेत म्हणतात काहीच जमा नाही. एस.टी.नं जाऊन यायला अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाची शिलाई बुडते.

पैसे नाहीत म्हणून पोरीला काही कमी पडू देत नाही, पण तिला सगळं कळतं. परवा मशीनपाशी आली ती मागच्या वर्षीच्या वह्यांमधली कोरी पानं नीट फाडून, टोकं जुळवून. म्हणाली, "मावशी, याला मधून एक शिलाई मार ना, गणिताला होईल." मी शिलाई मारली आणि ती झोपल्यावर बसून रडले. भावाचे आले आणि आपले नाहीत, हेही तिला माहीत आहे. भावकीत काहीजण म्हणतात की पोरांच्या पैशावर आमचा डोळा आहे. म्हणूनच मला तिच्या नावचा एकेक रुपया तिच्या खात्यात दिसायला हवा आहे.

तर पैसे कुठं अडकले असतील, हे कसं शोधायचं? आणि केंद्र सरकारच्या योजनेत महिना ४,००० मिळतात असं एका बाईंनी सांगितलं, ते आम्हाला लागू होतं का?

प्रतिसाद

ताई, मी बालसंरक्षणाच्या कामात आहे. आधी आधारचं बघा. पैसे थेट जमा होतात तेव्हा ते मुलीच्या आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, तुम्ही अर्जाला कुठलंही पासबुक लावलेलं असो. तिचं एखादं जुनं खातं आहे का? शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी आईबरोबर काढलेलं? दहापैकी आठ वेळा पैसे तिथंच सापडतात. कुठलं खातं जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं, पण त्यासाठी ओटीपी लागतो. मोबाईल नंबर बहिणीचाच असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्या.

४,००० चं म्हणाल तर ती मिशन वात्सल्यची रक्कम. त्यात दोन गोष्टी आहेत, लोक गल्लत करतात. एक प्रतिपालकत्व, म्हणजे मूल नात्याबाहेरच्या कुटुंबात ठेवतात. दुसरं प्रायोजकत्व, यात अनाथ मूल मावशी, आजी, काका अशा नात्यातल्या घरी असतं. तुमची मुलं दुसऱ्यात बसतात. कुटुंबाचं उत्पन्न ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० च्या आत लागतं, इतरत्र ९६,००० च्या आत. राज्याच्या बालसंगोपनात आधी महिना ४२५ मिळायचे, मग १,१००, आणि २०२३ पासून २,२५०. आमच्याकडे एका मुलाला या दोन्हींपैकी एकाच योजनेत घेतात. चालू असलेलं बंद करण्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसली की फाईल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हे मी फार पाहिलंय.

आणि त्रुटी असेल तर ती लेखीच मागा. तोंडी उत्तरावर परत येऊ नका. भावकीचं मनावर घेऊ नका. हा पैसा मुलांच्या हक्काचा आहे आणि तो मागणं तुमचं कामच आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

ताई, तुमचे उपकार कसे फेडू! तुमचा निरोप वाचला आणि बहिणीची पत्र्याची पेटी काढली. साड्यांच्या खाली जुन्या बँकेचं पासबुक निघालं, भाची दुसरीत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेलं. आत पालक म्हणून बहिणीचं नाव. काल त्या शाखेत जाऊन नोंदी छापून घेतल्या. १३,५०० तिथं आहेत, भाच्याचे जमा झाले त्याच आठवड्यातले. भाचीनं पासबुक हातात घेतलं आणि आकडा सोडून कितीतरी वेळ आईची सहीच बघत बसली.

ऑफिसातल्या माणसानं बँकेत बघा म्हटलं ते खरंच होतं. पण कुठल्या बँकेत, हे एकदा सांगितलं असतं तर चार फेऱ्या वाचल्या असत्या.

आता शाखेतले म्हणतात पालकाचं नाव बदलल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं खातं चालवता येतं असं ऐकलंय, तेही विचारणार आहे. सोमवारी बहिणीचा मृत्यूचा दाखला आणि समितीचा आदेश घेऊन परत जाते. आदेशाची मूळ प्रत दाखवावी लागते की झेरॉक्स चालते? आमच्याकडे मूळ प्रत एकच आहे, हरवायची भीती वाटते. ज्यांनी हे केलंय त्यांनी रविवारपर्यंत सांगा.