हिवाळ्यासाठी घाऊक भाजी: साठवायची कशी?

प्रश्न: शेतकऱ्याकडून थेट ५० किलो बटाटे, २० किलो कांदे, १० किलो गाजरं आणि चार लाल भोपळे घ्यायचे आहेत. तळघरात सगळं एकत्र चालेल का? धुऊन ठेवावं का?

उत्तर १: धुवू अजिबात नका, माती नुसती हाताने झटका. बटाटे आधी अंधारात, १५ अंशांच्या आसपास दहा-बारा दिवस पसरून ठेवा. खरचटलेली साल भरून येते. मग ७ ते १० अंशांवर तागाच्या पोत्यात. ४ अंशांखाली गेले की स्टार्चची साखर होते आणि तळताना काळे पडतात. उजेडाने हिरवे झालेले खाऊ नका.

उत्तर २: कांदे वेगळेच ठेवा, बटाट्यांच्या ओलीने कोंब फुटतात. मान चिमटीत दाबून बघा; करकरीत सुकली असेल तरच जाळीच्या पिशवीत टांगा. जाड मानेचे आधी संपवा.

उत्तर ३: गाजरांचा पाला लगेच कापा, तो गाजरातलं पाणी ओढतो. ओलसर वाळूत, एकमेकांना टेकू न देता थर लावा. मुठीत दाबल्यावर वाळूतून पाणी टपकता कामा नये. शेजारी सफरचंदं नकोत, गाजरं कडू होतात. भोपळा देठासकटच घ्या; देठ मोडला की तिथूनच सडतो.