मदत हवी आहे: ३० फुटी ट्रेलरसह डेन्व्हर ते सॉल्ट लेक सिटी, आय-७० महामार्ग की आय-८०?

ऑक्टोबरमध्ये ३० फुटी कॅम्पिंग ट्रेलर ओढत हा प्रवास करायचा आहे. काट्यावर भरलेल्या ट्रेलरचे वजन ७,२०० पौंड आले असून ते पिकअपच्या क्षमतेत बसते. ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक पिकअपमधून चालवणारे उपकरण) आणि स्वे कंट्रोलची हिच (ट्रेलरचे डोलणे आवरणारी जोडणी) बसवलेली आहे.

आय-७० वर ११,००० फुटांवरचा आयझेनहॉवर बोगदा आणि व्हेल पास हा घाट लागतो. गेल्या महिन्यात सरावासाठी गेलो असता, बोगद्यापलीकडच्या सात टक्के उतारावर खालचा गिअर टाकूनही ब्रेक इतके तापले, की सिल्व्हरथॉर्नला थांबल्यावर चाकाजवळ हात नेववेना. त्यानंतर ट्रेलरचे ब्रेक जुळवून घेतले आहेत. वायोमिंगमधील लॅरामीमार्गे आय-८० धरल्यास चढउतार सौम्य आहेत आणि अंतरही जवळपास तेवढेच. परंतु तेथे वारा वाढला की हलक्या, उंच वाहनांना रस्ता बंद होतो, आणि खरे सांगायचे तर आडव्या वाऱ्याची धास्ती मला घाटापेक्षा अधिक वाटते. हाताशी दोन दिवस आहेत, रात्री गाडी चालवणार नाही, बर्फ पडल्यास निघणे लांबवता येईल.

लॅरामी ते रॉलिन्स हा एल्क माउंटनजवळचा पट्टा पहाटे पार केल्यास वारा खरोखर कमी लागतो का, आणि किती वेगाच्या झोतांपर्यंत आपण एवढा लांब ट्रेलर रस्त्यावर ठेवता?