मदत हवी आहे: सॅल्व्हेज टायटलची (मालकीच्या कागदावर 'मोडीत काढलेली' असा शिक्का असलेली) कोरोला घ्यावी का? (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

एडिसनला राहतो. घरात एकच गाडी, ती मी ऑफिसला नेतो. आता बायकोला नोकरी लागलीय आणि तिथे बस जात नाही. बजेट सात हजार डॉलर, तेही ओढूनताणून.

ओळखीच्या ओळखीतून २०१९ची कोरोला मिळतेय, ६,५०० ला. ७१ हजार मैल झालेत. अशीच धड गाडी इथे पंधरा हजारांच्या आसपास सांगतात. ही स्वस्त, कारण विमा कंपनीने टोटल लॉस (दुरुस्ती परवडत नाही म्हणून मोडीत) काढली आणि विकणाऱ्याने लिलावात उचलली. पुढून डावीकडे ठोकलेली. बॉनेट, बंपर, हेडलाइट बदलून झालंय. फेंडर आणि रंगकाम बाकी, ते म्हणे हजारात होईल. एअरबॅग उडालीच नव्हती, असं त्याचं म्हणणं.

शनिवारी बघून आलो. रस्त्यावर काढता येत नाही, म्हणून त्याच्या ड्राइव्हवेतच पुढेमागे केली. इंजिन गुळगुळीत. पण ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढला तर ढिम्म! अर्धवट लोंबतोय, ना आत जात ना बाहेर येत. आणि चावी फिरवल्यावर डॅशबोर्डावरचे बाकी सगळे दिवे लागले, एअरबॅगचा लागलाच नाही. विचारलं तर म्हणतो, "दिवा नाही म्हणजे प्रॉब्लेम नाही." माझ्या गाडीत तो दिवा काही सेकंद लागून विझतो.

कागदपत्रांचं एवढं कळलंय की दुरुस्तीनंतर एमव्हीसीच्या (इथलं आरटीओ) इन्स्पेक्शनला न्यायची, सुट्या भागांची बिलं दाखवायची. टायटलवरचा डाग कायमचा. रोख घेणार असल्याने कर्जाचा प्रश्न नाही, पण विमा एजंट फक्त लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा) देतो म्हणतोय. कोणी असली गाडी घेतलीय का?

प्रतिसाद:
सीटबेल्ट अडकलाय म्हणजे बहुतेक प्रीटेन्शनर उडालाय. धडकेच्या क्षणी तो पट्टा आवळतो. एकदाच चालतो, मग बदलावाच लागतो. दिवा सुरुवातीलाही लागत नसेल तर कोणीतरी तो काढलाय किंवा झाकलाय, असंच धरून चाला.

आणि एमव्हीसीच्या त्या इन्स्पेक्शनवर विसंबू नका. चोरीचे भाग लावलेत का हे बघायला ते असतं. एअरबॅग कोणी उघडून बघत नाही. २०२४मध्ये एनएचटीएसएने (अमेरिकेची रस्ते-वाहन सुरक्षा संस्था) याच प्रकाराबद्दल इशारा दिला होता: ठोकलेल्या गाड्यांत बसवलेले स्वस्त, बनावट इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) फुटून धातूचे तुकडे ड्रायव्हरच्या अंगात घुसले, माणसं गेली. फेंडरचं काय घेऊन बसलात! व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) गूगलवर टाका, लिलावाचे फोटो बऱ्याचदा सापडतात.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा. टाकला. पहिल्याच फोटोत स्टीअरिंगमधून पांढरी पिशवी लोंबतेय. शनिवारी मी तिथेच हात ठेवला होता, वर छान गुळगुळीत कव्हर आणि टोयोटाचं चिन्ह. त्या कव्हरामागे काय आहे देव जाणे.

फोटो विकणाऱ्याला पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. बायको म्हणते, जुनी चालेल पण टायटल क्लीन हवं. सात हजारांत २०१२-१३ची कोरोला किंवा सिव्हिक कोणाकडे असेल तर व्यनि करा.